घारकन्येचं मनगट

दुकानात त्यांना सगळे पंच म्हणतात. क्रिकेटशी त्यांचा संबंध टीव्हीपुरता. कॉमिकमधल्या पात्रांचे मोजक्या संख्येत काढलेले पुतळे विकणारं ते दुकान आहे. पुतळा फुटका निघाला, तर तो कारखान्यात फुटला, वाटेत फुटला की गिऱ्हाइकाच्या हातून, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे. तिघांपैकी कोणीतरी बाद होतंच. एकदा दिलेला निर्णय पंचांनी फिरवल्याचं दुकानात कोणाला आठवत नाही.

वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी बारीक, शर्टाच्या खिशात एक मऊ ब्रश आणि एक छोटी बॅटरी. आधी ते फरशीच्या कारखान्यात होते. पट्ट्यावरून येणाऱ्या लाद्यांवर लाकडी काठी टेकवत जायचं. चांगली लादी टण्ण वाजते, आतून तडकलेली बद्द. कारखाना बंद पडला, कान शाबूत राहिला. त्यांची बायको म्हणते, "यांना मी हाक मारलेली ऐकू येत नाही. पण शेजारच्या घरात कपाला तडा जाऊ दे, घास हातात धरून मान वळवतील."

पुतळ्यांचं वेड त्यांना स्वतःलाही आहे. या वर्षी 'घारकन्या' आली तेव्हा दुकानातल्या माणसांसाठी राखलेला एकच नग त्यांनी मागून घेतला. घारकन्या म्हणजे छपरांवरून उड्या मारत चोरांचा पाठलाग करणारी पोरगी. पुतळ्यात ती धुराड्याच्या काठावर उभी आहे, उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला, बोटं पसरलेली. त्या बोटांवर घार येऊन बसणार. पायाखालचं विटांचं धुराडं भरीव, त्यामुळे सगळं वजन खाली. वरचं मनगट मात्र पेन्सिलीएवढं. पंचांनी आपला नग घरी नेला आणि न उघडता कपाटात ठेवला. योग्य काचेचं कपाट मिळेपर्यंत उघडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

असाच एक नग एका सलूनवाल्याकडे गेला आणि मनगटातून तुटलेला निघाला.

सलूनला सुट्टी होती त्या दिवशी पंच तिथे पोचले. आरशाखालच्या लांब फळीवरच्या बाटल्या आणि कंगवे बाजूला सारून मधोमध खोका ठेवला होता. सलूनवाला ऐन चाळिशीतला, धिप्पाड, हात मात्र बायकांनी हेवा करावा इतके मऊ. चिडलेलं गिऱ्हाईक पंचांना परवडतं. हा दुखावलेला होता, ते जास्त अवघड.

दाराजवळ डिलिव्हरीवाली उभी होती. दुकानाचा नियमच तसा होता, तपासणीच्या वेळी माल पोचवणारं माणूस हजर हवं. ती पार्सल कंपनीचं जॅकेट घालून आली होती. कंपनीच्या डेपोने निकाल लागेपर्यंत तिला घरी बसवलं होतं, पण जॅकेट परत मागायचं कोणाला सुचलं नव्हतं. एकदा काच फुटल्याची नोंद तिच्या नावावर आधीच होती. दुसऱ्यांदा 'वाटेत फुटलं' असा शेरा आला की गाडी काढून घ्यायची, हा डेपोचा नियम. शेरा पंच देणार होते.

"तुम्हीच का ते पंच?" तिने विचारलं.

"दुकानात म्हणतात तसं."

"मग आधीच सांगते. मी टाकलेली नाही ती."

"ताई, मी अजून खोक्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"हात लावल्यावर आम्हाला कोण विचारतं? म्हणून आधी."

"टाकली नाही म्हणे!" सलूनवाला फळीवर हात आपटणार होता, खोका बघून थांबला. "मग काय झालं? हात अवघडला म्हणून तिने स्वतःच काढून ठेवला?"

"तुमच्या ताब्यात आल्यावर काय झालं ते मला काय माहीत?"

"माझा व्हिडिओ आहे! पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. कुठे कट नाही."

पंचांनी हात वर केला. "आधी व्हिडिओ."

फोन आरशाला टेकवून तिघांनी पाहिला. खोका फळीवर. कटर चिकटपट्टीवरून सरळ फिरतं. सलूनवाला झाकणं उघडतो, मग खोका पोटाशी धरून उचलतो आणि हलके हलके झटके देतो, तशी आतली रंगीत पेटी सरकत वर, बाहेर येते. पेटीतून थर्माकोलचा ठोकळा निघतो. ठोकळ्याचे दोन भाग पुस्तकासारखे वेगळे होतात. त्यानंतर चित्रात फक्त त्याचे हात दिसतात आणि आवाज ऐकू येतो, "अरे... अरे, नाही ना..."

हातचलाखी नव्हती. पंचांना तशी शंकाही आली नाही. अशी शेकडो उघडणी त्यांनी पाहिली होती आणि ही त्यातली नीटस म्हणावी अशी होती.

मग त्यांनी खोक्याला हात लावला. आधी वास घेतला. घरी कोणी चिकटवायचा प्रयत्न केला असेल तर गोंद नाकाला सांगतो. तसा वास नव्हता. कोपरे चाचपले. एक कोपरा दबलेला, पण तसे दबतातच. सलूनवाल्याने पुतळा सापडला तसाच परत थर्माकोलमध्ये ठेवला होता. पंचांनी ठोकळा आडवा करून वरचा भाग उचलला. घारकन्या खाचेत झोपलेली, तुटका हात वरच्या बाजूला वेगळा. मनगटाची तुटलेली कड त्यांनी बॅटरीखाली धरली. पांढरी, कणीदार, धूळ न बसलेली. म्हणजे कारखान्यातून असा निघालेला नाही, ताजा तुटलेला आहे.

"कारखाना सुटला," ते म्हणाले.

डिलिव्हरीवालीने जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली, पुन्हा खाली आणली.

त्यांनी ब्रशने थर्माकोलची खाच झाडली आणि हाताच्या वरची पोकळी पाहिली. तिथे पुतळ्याच्या बोटांचे ठसे थर्माकोलमध्ये रुतले होते. ओल्या सिमेंटवर पंजा उमटावा तसे. पुतळा ज्या रेझिनचा होता, त्याचे कणही त्या ठशांतच दाबले गेले होते. ते बराच वेळ तिथे बॅटरी धरून राहिले.

"काय?" सलूनवाल्याने विचारलं.

"सरळ उभा असताना आपटला असता, तर कण खाली, खांद्यावर पडले असते. हे वर रुतलेत. खालच्या धुराड्याचं सगळं वजन या हातावर आलंय." त्यांनी बॅटरी बंद केली. "खोका डोक्यावर पडलेला आहे."

"बघा!" सलूनवाला म्हणाला.

"नाही," डिलिव्हरीवाली म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "नाही पडला. डेपोतून उचलला तो गाडीत मागच्या बाजूला उभा ठेवला. पट्टा लावला. इथे आणून यांच्या हातात दिला. यांनी सही केली तेव्हा बाण वर होते, सहीच्या फोटोत दिसतील."

"त्याच्या आधी पडला असेल. गाडीत चढवताना. पुन्हा सरळ केला की बाण वरच दिसणार."

"साहेब, मी तुम्हाला खोटारडी वाटते का?"

"ताई, खरं-खोटं मला कळत नाही. मला थर्माकोल कळतो."

हे वाक्य ते नेहमी वापरतात. त्यावर वाद सहसा संपतो. ती आरशात स्वतःकडे बघत राहिली, आणि मग खाली. घरी सांगितलं नसणार, असं तिच्याकडे पाहून सलूनवाल्याला वाटलं. हे त्याने पंचांना बोलून दाखवलं, पण पुष्कळ नंतर, ती गेल्यावर.

शेरा दुकानात जाऊन लिहायचा होता आणि पुतळा सोबत न्यायचा होता. पंचांनी ठोकळा मिटला, रंगीत पेटीत सरकवला, पेटी आडव्या ठेवलेल्या खोक्यात. खोक्याची कापलेली बाजू बंद करायला त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीने पालथा केला. आत काहीतरी घरंगळलं. तुटका हात असणार.

"अहो, उलटा! उलटा केलात!" डिलिव्हरीवाली दोन पावलं पुढे आली आणि तिने खोक्याखाली हात धरले. जणू पडणाऱ्या लेकरालाच झेलत होती.

"कापलेली बाजू खालची आहे, ताई. टेप लावायचीय."

"खालची का कापली?"

पंचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर आरशात त्यांना स्वतःचं चित्र दिसलं. हातात खोका. खोक्यावर काळे जाड बाण, दोन्ही जमिनीकडे.

हौशी लोक खोका खालून उघडतात. वरच्या बाजूला कारखान्याची छापील चिकटपट्टी असते आणि ती अखंड राहिली की खोकाही जपण्यासारखा राहतो. शिवाय वरून कटर चालवलं तर आतल्या चित्रावर ओरखडा यायची भीती. म्हणून खोका पालथा करायचा, खालची साधी पट्टी कापायची, उलटाच उचलून हलके झटके द्यायचे, पेटी बाहेर घ्यायची. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. ज्याला पुतळ्याची सर्वांत जास्त काळजी, तोच हे सर्वांत काटेकोरपणे करतो. काळजी नसलेला माणूस सरळ वरून कापतो.

"व्हिडिओ परत लावा," पंच म्हणाले.

पहिल्या चित्रापासून बाण खाली होते. तिघांनी मघाशी पाहिलं होतं. दोघांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिसरीला फोन दोघांच्या खांद्यांआडून जेमतेम दिसला होता.

"पण सगळेच असं उघडतात," सलूनवाला म्हणाला. "तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा."

"मग बाकीचे कसे फुटत नाहीत?"

"बाकीच्यांचा हात वर नसतो. आणि ज्यांचा असतो..." पंचांनी वाक्य तिथेच सोडलं. 'खोका डोक्यावर पडलेला आहे' हे त्यांनी याआधीही लिहून दिलं होतं.

त्यांनी तिथूनच डेपोच्या साहेबांना फोन लावला. साहेब हसले. "पंच, टेबलावर हळूच पालथा घातला म्हणजे काय आपटला का? अशाने माणूस कूस बदलला तरी हात मोडेल. तर्क नको. तुमचा 'पडला' असा शेरा आला तर मी नियमाने जाणार. दुसरं काही असेल तर दाखवा, डोळ्यांनी बघतो."

"संध्याकाळी माझ्या घरी या," पंच म्हणाले. दाखवण्यासारखा नग त्यांच्या माहितीत एकच होता.

संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. साहेब, सलूनवाला, डिलिव्हरीवाली, आणि मधल्या टेबलावर घारकन्येचा खोका. शेरा लांबल्याने त्याचा खोका सलूनमध्येच राहिला होता; त्यातला थर्माकोलचा वरचा तुकडा सलूनवाल्याने पिशवीतून आणला होता. पंचांच्या बायकोने पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझे गरम कपडे पलंगाखाली, आणि ही बाईसाहेब कपाटात," ती डिलिव्हरीवालीला म्हणाली. "मोलकरीण ठेवावी तसं मला हिच्यावरची धूळ पुसायला लावतात. तीसुद्धा खोक्यावरची. तोंड अजून कोणी पाहिलेलं नाही."

साहेबांनी खोका न्याहाळला. "आत आधीच फुटलेला नाही कशावरून?"

"बरोबर," पंच म्हणाले. "आधी उघडावा लागेल. वरून."

त्यांनी कटर हातात घेतलं. छापील चिकटपट्टीवर त्यांनी आजवर कधी पातं टेकवलं नव्हतं. ते पट्टीकडे बघत थांबले, तशी बायको म्हणाली, "अहो, मी कापू का?" ते नाही म्हणाले आणि कापलं. पेटी वर ओढून घेतली, ठोकळा उभाच ठेवून त्याचा पुढचा भाग बाजूला केला.

घारकन्या अखंड होती. चेहरा चित्रांपेक्षा लहान आणि जास्त रागीट. धुराड्याच्या एका विटेवर काजळी रंगवली होती, ती जाहिरातीत दिसत नव्हती. बोटांच्या टोकांपासून थर्माकोलच्या वरच्या भिंतीपर्यंत बोटभर पोकळी होती. पंचांनी ती साहेबांना दाखवली आणि खालचं धुराडं हाताने किंचित हलवलं. खाचेत ते सैल होतं.

"कारखान्यातून निघताना घट्ट असणार," ते म्हणाले. "प्रवासात थर्माकोल दबतो."

बायको जवळ आली. हळू आवाजात तिने विचारलं, "फुटली तर?"

"तर ताईंची गाडी राहील."

"आणि नाही फुटली तर?"

"तर ही राहील."

डिलिव्हरीवालीने ते ऐकलं. त्यांना काय हवंय हे चेहऱ्यावरून वाचता येतंय का, म्हणून ती पंचांकडे बघत राहिली. ते वाचता येत नव्हतं. आपल्याला काय हवंय ते बहुधा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ठोकळा मिटला. पेटी. खोका. वर टेप. सलूनवाल्याने फोन धरला, साहेब खुर्चीच्या काठावर पुढे सरकले. पंचांनी खोका पोटाशी घेतला आणि नेहमी करतात तसाच, जराही घाई न करता, पालथा केला. टेबलावर ठेवला.

काही ऐकू आलं नाही.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "झालं?"

डिलिव्हरीवालीने पंचांकडे पाहिलं. पंचांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल झालं, ते त्यांच्या बायकोने पाहिलं.

"झालं नाही," पंच म्हणाले. "व्हिडिओत पुढे आहे." त्यांनी खालची पट्टी कापली. खोका उलटाच उचलला आणि पेटी सरकावी म्हणून हलका झटका दिला. पेटी थोडी वर आली. दुसरा झटका.

आतून आवाज आला. फार लहान. साहेबांना वाटलं, खोका टेबलाला लागला. सलूनवाल्याला काही ऐकूच आलं नाही. पंचांचे हात जिथल्या तिथे थांबले. तो आवाज बद्द होता.

"गेलं मनगट," ते म्हणाले.

उघडल्यावर तसंच होतं. त्याच जागी, त्याच तिरक्या कडेने तुटलेलं. वरच्या पोकळीत बोटांचे ठसे रुतलेले, ठशांत पांढरे कण. सलूनवाल्याने आपला तुकडा पिशवीतून काढून शेजारी धरला. दोन्ही ठसे एका माणसाच्या पंजाचे असावेत इतके सारखे होते. साहेबांनी आधी एक बोट त्या खाचेत घालून पाहिलं, मग दुसऱ्या.

"आणि हे सगळे असंच उघडतात?" त्यांनी विचारलं.

"जे जपून उघडतात ते सगळे."

"कमाल आहे." साहेब उठले. "ठीक. तसा शेरा द्या. बाई, उद्या सकाळी या."

"गाडी तीच द्या, साहेब. दुसरीचे ब्रेक मला ठाऊक नाहीत."

"तीच."

सलूनवाला अजून थर्माकोल हातात धरून होता. "म्हणजे माझा बदलून मिळणार नाही."

"नाही. उघडताना फुटला."

"मी इतकं जपून..." तो थांबला. "तुमचाही नाही मिळणार."

"माझाही नाही."

"वा पंच! मला बाद केलंत ते केलंत, स्वतःही बोट वर करून चालायला लागलात." हसताना त्याचा आवाज जरा चिरकला. मग तो पंचांच्या घारकन्येकडे वाकून बघू लागला आणि काजळीच्या विटेबद्दल काहीतरी म्हणाला. त्याच्या नगावर ती वीट जास्त काळी होती.

पंचांनी दुकानाच्या मालकांना फोन केला. घारकन्येचे गेलेले सगळे खोके वरूनच उघडा असं गिऱ्हाइकांना कळवायला सांगितलं, आणि हात वर केलेल्या पुतळ्यांचे जुने शेरे उद्या काढून ठेवायला. पलीकडून मालक काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही. पंच म्हणाले, "असू दे. तरी काढा."

मग त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर शेरा लिहिला, सही करायच्या आधी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला. खोका उलटा करून उघडल्याने धुराड्याचा भार हातावर आला व मनगट तुटले. पोचवताना खोका पडल्याचा पुरावा नाही.

साहेब दारात चपला घालत होते. त्यांनी मान डोलावली.

"'पुरावा नाही' नको," डिलिव्हरीवाली म्हणाली.

"म्हणजे?"

"'पुरावा नाही' म्हणजे पडला असेल, पण सापडला नाही. माझ्या काचेच्या वेळीही असंच काहीसं लिहिलं होतं. पडला नाही, असं लिहा."

"ताई, मी गाडीत नव्हतो. मी पाहिलेलं नाही."

"दुपारी पडला म्हणालात, तेव्हा तरी कुठे होतात गाडीत?"

सलूनवाल्याने थर्माकोलवरून मान वर केली. बायको भिंतीपासून बाजूला झाली. पंचांनी पेन कागदावरून उचललं आणि तसंच हवेत धरलं. आयुष्यभर त्यांनी जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच लिहिलं होतं, असा त्यांचा समज होता. दोन थर्माकोल शेजारी शेजारी पडले होते, सारखे. त्यांनी एकावर, मग दुसऱ्यावर हात ठेवला.

मग शेवटच्या ओळीवर काट मारून खाली लिहिलं, 'पोचवताना खोका पडला नाही', सही केली आणि कागद आधी तिच्या हातात दिला.

तिने उभ्या उभ्या तो वाचला, पुन्हा वाचला आणि मग चपला घालून थांबलेल्या साहेबांकडे दिला.